आधी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा

प्रश्न : वय ४६, नोकरी बँकेत, राहायला ठाण्यात. कॉलेजात आणि पुढे बँकेच्या संघाकडून भरपूर बॅडमिंटन खेळलो. गेल्या वर्षी नव्या सोसायटीत आलो, तिथल्या क्लबहाउसमध्ये एसी स्क्वॉश कोर्ट आहे. बॅडमिंटनचा हात, तेव्हा हलकीच बरी असं म्हणून ११० ग्रॅमची रॅकेट ऑनलाइन मागवली. मूठ बारीक वाटली म्हणून वरून दोन ओव्हरग्रिप चढवल्या. चार महिने झाले, बॉल काही मागच्या भिंतीपर्यंत जात नाही आणि आता उजवं कोपर दुखतंय. जोडीदार म्हणतो याहून हलकी बाजारात आहे, ती घे. घेऊ का?

उत्तर : नका घेऊ.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी उलट दोन कामं सांगितली होती. ती तुम्ही त्याच रात्री केलीत, त्याबद्दल तुमचे आणि वहिनींचे आभार, कारण काटा त्यांच्या स्वयंपाकघरातला होता. रॅकेटचं वजन भरलं १५२ ग्रॅम. दुकानदारानं फसवलं असं समजू नका. रॅकेटवर छापलेला आकडा बहुतेक कंपन्या नुसत्या फ्रेमचा देतात. त्यात गटिंग, म्हणजे विणलेल्या तारा, नाहीत, ग्रिप नाही, डोक्यावरची प्लास्टिकची बंपर पट्टीही बहुधा नाही. सगळा साज चढला की ११० ची १४० होते. वरचे १२ ग्रॅम तुमच्या दोन ओव्हरग्रिपचे.

दुसरं काम बोटावर तोलायचं. तर्जनी आडवी धरून तिच्यावर रॅकेट ठेवायची, ती समतोल राहील तिथे पेन्सिलीनं खूण करायची, आणि मुठीच्या बुडापासून खुणेपर्यंत टेपनं मोजायचं. तुमचा आकडा आला ३४ सेंटिमीटर. ओव्हरग्रिप उतरवल्यावर ३६. पूर्ण मापाची रॅकेट ६८.६ सेंटिमीटर लांब असते, म्हणजे तिचा मध्य ३४.३ वर. तुम्ही घेतली होती डोक्याकडे जड असलेली रॅकेट. बारा ग्रॅमच्या दोन चिंध्या मुठीवर गुंडाळून तिची तुम्ही डोक्याकडे हलकी रॅकेट करून टाकलीत. ज्या वजनानं बॉल मागे जायचा, ते तुमच्या तळहातात येऊन बसलं.

माझे वडील मुंबईच्या एका जिमखान्यात मार्कर होते. नव्या वाचकांसाठी सांगतो, जुन्या क्लबांत मार्कर म्हणजे कोर्ट झाडणारा, गुण सांगणारा, मेंबरांना शिकवणारा, आणि जोडीदार आला नाही की समोर उभा राहून खेळणारा, सगळं एकच माणूस. त्या वेळच्या लाकडी रॅकेट दोनशे ग्रॅमच्या वर असत. नियमाला आजही २५५ ग्रॅमपर्यंत चालतं, पण तितकी जड रॅकेट आता कुणी बनवत नाही. ऐंशीच्या दशकात ग्रॅफाइट आलं, मेंबर परदेशातून नव्या रॅकेट आणू लागले आणि वडिलांच्या हातात देऊन विचारायचे, "बघ रे, किती हलकी!" वडील ती बोटावर तोलायचे, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि विचारायचे, "साहेब, कुठे हलकी? डोक्यात की मुठीत?" मेंबर हसायचे. मी बारा-तेरा वर्षांचा असेन, मलाही तो विनोदच वाटायचा. पुढे स्वतः गटिंगचं मशीन घेतलं, महिन्याला पन्नास-साठ रॅकेट हाताखालून जायला लागल्या, तेव्हा कळलं की म्हातारा अगदी गंभीरपणे विचारत होता.

आता कोपराकडे येतो. बॅडमिंटनचं फूल पाच ग्रॅमच्या आसपास, स्क्वॉशचा बॉल २४ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ पाचपट. फुलाला मनगटाचा झटका पुरतो, बॉलला नाही पुरत. तुम्ही वीस वर्षांच्या सवयीनं मनगट झटकताय, बॉल जात नाही म्हणून आणखी जोरात झटकताय, आणि एसी कोर्टात घाम कमी असूनही मूठ आवळून धरताय. फ्रेम हलकी असली की बॉल लागल्याचा हादरा ती स्वतः कमी खाते, बाकीचा हाताला देते. जड रॅकेटनं दंड दुखतो, हलकीनं कोपर, हे माझ्याकडे येणाऱ्यांत मी अनेकदा पाहिलंय. दोन आठवडे खेळ बंद ठेवा. भरलेला तांब्या उचलताना कोपराच्या बाहेरच्या हाडाशी कळ येत असेल तर डॉक्टरांना दाखवा, पट्टा बांधून रेटू नका.

परत कोर्टावर गेलात की आधी बॉल बदला. तुम्ही दोन पिवळ्या ठिपक्यांचा वापरत असणार, कारण दुकानात 'प्रो' म्हणून तोच पुढे करतात. तो बॉल तापल्याशिवाय उडत नाही आणि तापवायला जोरकस, सलग रॅली लागते. एसीच्या गारव्यात आपल्यासारख्यांकडून तो तापतच नाही, जमिनीवर पडतो आणि वांग्यासारखा बसतो. एका पिवळ्या ठिपक्याचा घ्या. उत्पादकांच्या हिशेबानं तो हवेत दहा टक्के जास्त राहतो, लाल ठिपक्याचा वीस टक्के. लालनं खेळायला लाज वाटत असेल तर सकाळी सहाला खेळा, कोण बघतंय? बॉल मागे न जाण्याचं निम्मं दुखणं इथेच बरं होईल असा माझा अंदाज आहे, आणि त्याला खर्च एका बॉलचा.

मग मूठ. दोन्ही ओव्हरग्रिप काढा. मुळातली ग्रिपही काढून एकच नवी, जरा जाड, चिकट बसणारी गुंडाळा. माप असं बघा: मूठ मिटल्यावर बोटांची टोकं आणि अंगठ्याखालचा मांसल भाग यांच्यात दुसऱ्या हाताचं एक बोट जेमतेम मावलं पाहिजे. डोक्यावर हवं तर तीन ग्रॅमची चिकट पट्टी लावा. भिंतीला घासून फ्रेमचा रंग जातो तो वाचेल, आणि तोल आणखी पाचसहा मिलिमीटर पुढे सरकेल. तीन ग्रॅम म्हणजे चिमूटभर मीठ, पण टोकावर बसलं की जाणवतं.

गटिंगचंही बघा. कारखान्यातून येणारी तार बहुतेक वेळा कामचलाऊ असते. चांगली १.२० मिलिमीटरची तार २३-२४ पाउंडांवर बसवून घ्या. पाउंड कमी तर बॉलला धक्का जास्त आणि हाताला हादरा कमी. २७-२८ वर ताणून ताबा मिळतो हे खरं, पण तो आधीच ज्याच्या हातात आहे त्याला. दुकानदार "सर, टाइट करू ना?" असं विचारेल. हल्ली सगळेच विचारतात. नाही म्हणा.

एवढं करून हाताला शिकवायचं ते मात्र पैशानं मिळत नाही. उभे राहा, रॅकेटचं डोकं कानाजवळ वर, कोपर वाकलेलं, मनगट फणा काढल्यासारखं उभं. बॉल पुढच्या गुडघ्याच्या रेषेत आला की आधी कोपर पुढे येऊ द्या, मग हात, रॅकेट सगळ्यात शेवटी. मनगटाचा फणा बॉल लागेपर्यंत मोडायचा नाही. भिंतीलगत सरळ पन्नास ड्राइव्ह, म्हणजे मागपर्यंत जाणारे जोरकस फटके, फोरहँडनं, पन्नास बॅकहँडनं. बॉलचा पहिला टप्पा सर्व्हिसच्या चौकोनामागे पडला तर मोजायचा, नाहीतर नाही. पहिल्या दिवशी पन्नासात बारा झाले तरी मला कळवा.

हलक्या रॅकेटशी माझं वैर नाही. व्हॉलीला, म्हणजे टप्पा पडायच्या आत बॉल मारायला, पुढच्या भिंतीजवळ अलगद टाकायच्या घाईच्या ड्रॉपला, पाठीशी गेलेला बॉल ऐनवेळी उचलायला ती वाऱ्यासारखी फिरते, आणि ज्याचा फटका खांद्यातून, पूर्ण वळशानं येतो त्याला बॉल मागे पाठवायला वजनाची गरज पडत नाही. तुमचा येईल तेव्हा याच ११० वर तुमचा जीव जडेल. नाहीच पटली तर पुढची घेताना फ्रेम १२५ ते १३५ ग्रॅम, तोल साडेपस्तीस ते साडेछत्तीसच्या मध्ये, आणि डोकं थेंबाच्या आकाराचं बघा. म्हणजे गळ्याशी आडवी पट्टी नसलेलं. तारा लांब राहतात, बॉल जरा इकडेतिकडे लागला तरी माफी असते. मात्र घेण्याआधी रविवारी क्लबातल्या चार जणांच्या रॅकेट मागून दहा-दहा मिनिटं खेळा. आणि खेळताना पेन्सिल खिशात असू द्या.

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची आहे. स्क्वॉश ऑलिंपिकमध्ये येणार म्हटल्यापासून तिनं हट्ट धरलाय. इथे नाशिकात दुकानदार म्हणतात, मोठ्यांची सगळ्यात हलकी घ्या, वाढत्या अंगाला होईल. लहान मुलांची वेगळी मिळते का?

उत्तर : मिळते, ताई. पण आधी तिच्या हट्टाबद्दल. २०२३ च्या ऑक्टोबरात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची बैठक भरली होती ती आपल्या मुंबईत, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी स्क्वॉशवर शिक्कामोर्तब झालं ते त्याच बैठकीत. त्याच्या दोनच आठवडे आधी हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताच्या पुरुष संघानं पाकिस्तानला हरवून सुवर्ण घेतलं होतं. त्या संघात आपला महेश माणगावकर होता, आणि महिला संघात कांस्य घेणारी अनाहत सिंग तेव्हा अवघी पंधरा वर्षांची. तेव्हा पोरीचं काही चुकत नाहीये.

"वाढत्या अंगाला होईल" हा हिशेब फ्रॉकचा. रॅकेट लांब पडली तर मूल ती मुठीच्या बुडाशी न धरता वर गळ्याजवळ धरतं, आणि ती पकड पुढे सुटता सुटत नाही. मी पाच-सहा मुलांची सोडवायला गेलोय, दोघांचीच सुटली. अशी परीक्षा घ्या: तिला रॅकेट बुडाशी धरून हात खांद्याच्या उंचीवर सरळ धरायला सांगा आणि हळूहळू वीसपर्यंत मोजा. डोकं खाली झुकलं किंवा दुसरा हात मदतीला आला तर लांबी कमी करा. न झुकता धरली तर पूर्ण लांबीची, हलक्या फ्रेमची खुशाल घ्या. मोठ्यांना मी हलकीपासून थोपवतो, पण मुलांना ती खरंच लागते. अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त मात्र नको, ती जडही असते आणि तिची झणझण पार दंडापर्यंत जाते. बॉल निळ्या ठिपक्याचा, तो आकारानं मोठा असतो आणि भरपूर उडतो.

रॅकेटवर वाचतील ते पैसे डोळ्यांच्या गॉगलवर घाला. स्क्वॉशचा बॉल चार सेंटिमीटरचा, डोळ्याच्या खोबणीत नेमका जाऊन बसेल एवढा. सायकलचा किंवा उन्हाचा गॉगल चालत नाही, रॅकेट-खेळांसाठी बनवलेला, पॉलिकार्बोनेटच्या काचांचाच हवा. "फक्त सराव आहे" म्हणून काढून ठेवला तर त्या दिवशी कोर्टात पाठवू नका. माझ्या डाव्या भुवईवर जी खूण आहे ती सरावातलीच.

प्रश्न : मित्र त्याची जुनी ग्रॅफाइट रॅकेट निम्म्या किमतीत देतोय. फ्रेमवर केसाएवढी रेघ दिसते. तो म्हणतो रंग उडालाय. घ्यावी का? (पुणे)

उत्तर : रेघेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून फ्रेम हलकेच वाकवा. रेघ उघडमीट करत असेल तर तडा. मग नखानं टिचकी मारा, आधी रेघेपासून लांब, मग रेघेवर. चांगली फ्रेम दोन्हीकडे सारखी वाजते, तडकलेली रेघेवर मातीच्या फुटक्या कुंडीसारखी बद्द बोलते. तसं वाजलं तर फुकटही घेऊ नका, कारण नवीन गटिंगच्या ताणानंच ती मोडेल, आणि मोडली तर बहुधा माझ्यासारख्याच्या मशीनवर. तशी बद्द वाजली नाही तर घ्या, मित्राला चहा पाजा आणि गटिंग आधी बदला. आठवड्यातून जितक्या वेळा खेळता तितक्या वेळा वर्षातून गटिंग, असा जुना हिशेब आहे. ही रॅकेट दोन वर्षं माळ्यावर होती असं तुम्हीच लिहिलंय.