गावठी कोंबडीच्या पिल्लांसोबत गिनी फाउलची पिल्लं वाढवता येतात का?

येतात. गिनी फाउल म्हणजे ठिपकेदार पिसांचा, कोंबडीसारखा पाळीव पक्षी. माझ्या मते सगळ्यात चांगली आई म्हणजे खुडूक झालेली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागलेली, गावठी कोंबडीच. तिच्याखाली गिनीची अंडी रवणीला घाला, पण तिची स्वतःची अंडी त्यात मिसळू नका. कोंबडीचं पिल्लू २१ दिवसांत निघतं, गिनीला २६ ते २८ दिवस लागतात. आधी निघालेली पिल्लं घेऊन ती उठली की उरलेली अंडी थंड पडतात. कोंबडीमागे वाढलेली गिनी संध्याकाळी खुराड्यात परतायला शिकते. नाहीतर मोठी झाली की झाडावर जाऊन बसते आणि मांजराला, घुबडाला सापडते.

ब्रूडरमध्ये (पिल्लांना कृत्रिम ऊब देणाऱ्या पेटीत) एकत्र ठेवणार असाल तर पहिल्या आठवड्यात ऊब ३५ अंशांच्या आसपास हवी. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र अजिबात नको, पाय फाकतात आणि पिल्लू कायमचं अधू होतं. गोणपाट किंवा भाताचं तूस घाला. पाण्याच्या ताटलीत खडे टाका, ही पिल्लं इतकी लहान असतात की बोटभर पाण्यातही बुडतात. सगळ्यात मोठा शत्रू ओल! म्हणून पावसाळ्यात पहिले दीड महिने अंगणात सोडू नका.

खाद्यात प्रथिनं जास्त लागतात, साधारण २४ टक्के. नेहमीचं चिक स्टार्टर, म्हणजे कोंबडीच्या लहान पिल्लांचं तयार खाद्य, त्यापेक्षा थोडं कमी पडतं. वाळवी किंवा उकडलेलं अंडं कुस्करून द्या.

मोठेपणी गिनीचे नर कोंबड्यांना पळवून पळवून टोचतात, त्यामुळे खाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा.