बाळाची वाटी, सासूबाईंची राख आणि नणंदेचं मशीन

पत्र:
माझी मुलगी चार महिन्यांची आहे, पूर्ण दिवसांची, वजनही छान. दोन आठवड्यांनी मला अंबडच्या कंपनीत परत रुजू व्हायचंय. पंपाने दूध काढून ठेवणार आहे, दिवसभर सासूबाई सांभाळतील. त्या म्हणतात, भांडी नीट घासली की झालं, आम्ही चार पोरं राखेवर घासलेल्या भांड्यांत वाढवली. इंग्लंडमधली नणंद म्हणते, वर्षभर दर वेळी स्टरिलाइझ करायलाच हवं, मी मशीन घेऊन येते. मिस्टर मोबाइलवर तिसरंच काहीतरी वाचून दाखवतात आणि वर विचारतात, नाशिकला पाणी शंभर अंशांना तरी उकळतं का? मागच्या आठवड्यात बाळाला दोन दिवस जुलाब झाले आणि ‘कोणाच्या चमच्यामुळे’ यावरून घरात अबोला आला. आता सासूबाईंनी चांदीचं बोंडलं बाहेर काढलंय. नक्की करायचं काय?
– दोघींच्या मधली, पाथर्डी फाटा

प्रिय मधली,

जुलाबांचा विषय आधी मिटवू. चार महिन्यांच्या बाळाचं पोट बिघडायला कारणं पुष्कळ असतात, आणि बरेचदा जंतू येतात ते कोणाच्या तरी हातांवरून. कोणाचा चमचा, याचा निकाल आता लागणार नाही. पुन्हा झालेच तर अंगावरचं दूध सुरू ठेवा आणि लघवीकडे लक्ष द्या. लघवी कमी झाली, टाळू खोल दिसली, बाळ मलूल पडलं, उलट्या थांबेनात, ताप आला किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्या.

तुमच्या घरात तिघं तीन गोष्टी सांगतायत आणि गंमत म्हणजे तिघांच्याही म्हणण्याला आधार आहे. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा बाळ १२ महिन्यांचं होईपर्यंत दुधाची सगळी भांडी निर्जंतुक करायला सांगते. नणंद तेच सांगतेय. अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी दोन महिन्यांच्या आतल्या, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळांसाठी रोज एकदा निर्जंतुक करा म्हणते. मोठ्या, निरोगी बाळाची भांडी दर वेळी काळजीपूर्वक धुतली जात असतील तर रोज उकळण्याची गरज नसू शकते, असंही सांगते. मिस्टरांच्या मोबाइलवर बहुधा हेच आलं असेल. सासूबाई सांगतात ते या दोघांच्याही यादीत पहिल्या क्रमांकावर आहे: घासणं. भांडं ओशट राहिलं असेल तर ते कितीही उकळा, दुधाचा थर शिजून आणखी घट्ट बसतो आणि त्याखालचे जंतू आरामात राहतात.

तुमच्या घरासाठी माझं मत असं. अंगावरच्या दुधासाठी वापरलेली प्रत्येक वस्तू दर वेळी धुवायची आणि सहा महिन्यांपर्यंत दिवसातून एकदा सगळं उकळायचं. पुढे स्टीलची वाटी-चमचा गरम पाण्याने नीट धुऊन कोरडी केली तरी चालेल. पंपाचे भाग आणि बाटली वापरलीच तर निपल, हे मात्र वर्षापर्यंत रोज उकळा. रबर-सिलिकॉनच्या खाचांत काय उरलंय ते डोळ्यांना दिसत नाही म्हणून. कधी डब्यातलं पावडरचं दूध द्यायची वेळ आली तर भांडी दर वेळी उकळलेलीच हवीत. ती पावडर मुळात निर्जंतुक नसते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना ती किमान ७० अंश गरम पाण्यात कालवायला सांगते, म्हणजे पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत. मग पाजण्याजोगं निववून घ्यायचं.

आता घासण्याकडे येऊ, कारण खरी चूक इथेच होते. दूध पाजून झालं की भांडं लगेच साध्या पाण्याने विसळा. थेट गरम पाणी ओतलं की दुधातली प्रथिनं गोठून चिकटतात. नंतर सगळे भाग सुटे करायचे, आट्यांची रिंगसुद्धा काढायची, आणि गरम पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाकून घासायचं. हे सिंकमध्ये करू नका. तिथे सकाळी मेथीची माती धुतलेली असते, कधी मटणही. बाळाच्या भांड्यांसाठी एक लहान टोप वेगळा ठेवा, ब्रशही वेगळा, आणि तो टोप-ब्रशही रोजच्या उकळीत घाला. तारेची घासणी, राख, भांडी घासायची पावडर यांपैकी काहीच प्लास्टिकला लावायचं नाही. बारीक ओरखडे पडतात, त्यांत दूध बसतं आणि दोन दिवसांनी आंबूस वास यायला लागतो. शेवटी वाहत्या पाण्याखाली धुऊन घ्या.

स्वच्छ झालं की नाही हे ओळखायची युक्ती सोपी आहे. भांडं आतून ओलं करून उजेडाकडे धरा. पाणी सलग पातळ पडद्यासारखं उतरलं तर भांडं स्वच्छ निघालं. तेलकट ताटलीवर उभे राहतात तसे पाण्याचे सुटे थेंब आत थांबले, तर साय अजून आतच आहे. काही प्लास्टिक धुतल्यावरही थोडे थेंब धरतं. तिथे बोट फिरवून पाहा, बुळबुळीत लागलं तर परत घासा. निपल असेल तर उलटं करून त्याच्या कडेखालच्या घडीतून बोट फिरवा आणि भोकातून पाणी दाबून काढा.

उकळायला वेगळं काही आणायला नको. स्टीलचं खोल पातेलं घ्या, तळाशी कुकरमधली जाळी किंवा सुती कापडाची घडी ठेवा, म्हणजे प्लास्टिक तळाला टेकून वाकडं होणार नाही. सगळं पाण्याखाली गेलं पाहिजे. बाटल्या उलट्या तरंगतात आणि आत हवेचा फुगा राहतो; त्या आडव्या करून पाणी भरून घ्या आणि वर स्टीलची ताटली ठेवा. खळखळून उकळी फुटल्यावर वेळ मोजायला लागा. सीडीसी पाच मिनिटं सांगते, ब्रिटनमध्ये दहा सांगतात. दहाच करा, वाद नको. मिस्टरांना सांगा, नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, त्यामुळे पाणी इथे ९८ अंशांच्या आसपास उकळतं. जुलाबाचे जंतू मारायला ते भरपूर आहे. अर्थात दवाखान्यातल्या अर्थाने भांडं याने निर्जंतुक होत नाही. त्यासाठी वाफेचा दाब आणि १२१ अंश लागतात आणि निरोगी बाळाला त्याची गरजही नाही. म्हणून बाटल्या कुकरमध्ये घालून शिट्ट्या काढू नका.

पातेलं गॅसवर ठेवून विसरणं हा सगळ्यात जास्त घडणारा घोटाळा. पाणी आटतं, सिलिकॉन जळतं, घरभर वास सुटतो. मोबाइलचा गजर लावा. बोअरचं पाणी वापरत असाल तर भांड्यांवर पांढरा क्षार धरेल. त्याने अपाय होत नाही, पण खरखरीत थरात दूध अडकतं. फिल्टरचं पाणी घ्या, आणि पातेल्याला आठवड्यातून एकदा लिंबाच्या सालांसह उकळी द्या.

आणि मग सगळं मुसळ केरात जातं ते पुसण्यात. दहा मिनिटं उकळलेली वाटी ओट्यावरच्या फडक्याने किंवा पदराने पुसली की उकळणं फुकट. हात साबणाने धुवा, सोबत उकळलेल्या चिमट्याने वस्तू बाहेर काढा, झटका आणि धुतलेल्या कोरड्या पंचावर पालथ्या घालून वर माश्यांची जाळी ठेवा. आपोआप वाळू द्या. लगेच वापरायची असेल तर ओली चालते. ओली वस्तू झाकण लावून ठेवणं वाईट. जुलै-ऑगस्टच्या हवेत पंपाचे भाग सकाळपर्यंतही वाळत नाहीत, म्हणून भागांचे दोन संच असलेले बरे. एक वाळत असतो तेव्हा दुसरा पर्समध्ये. ऑफिसात पंप केल्यावर धुवायला लागणारा लहान टोप आणि ब्रशही त्याच पिशवीत टाका.

पंपाचं एक-दोन वाक्यांत भागणार नाही. दुधाला लागणारे भाग म्हणजे फनेल, बाटली, व्हॉल्व्ह आणि पडदा. हेच धुवायचे आणि, कंपनीच्या पत्रकात हरकत नसेल तर, उकळायचे. व्हॉल्व्हमध्ये ब्रश घालू नका. बोटांनी हलकेच चोळा, नाहीतर त्याची फट फाटते, ओढ कमी होते आणि बाईला वाटतं आपलं दूधच आटलं! एक जादा व्हॉल्व्ह घेऊन ठेवाच. नळी आणि मोटर पाण्यात घालायची नाही. नळीत वाफेचे थेंब दिसले तर दूध काढून झाल्यावर पंप दोन-तीन मिनिटं रिकामाच चालू ठेवा. काळे ठिपके दिसले की नळी बदला, धुवत बसू नका.

बोंडलं. चांदी वाईट नाही, पण त्याच्या चोचीच्या आत डाग दिलेल्या सांध्यावर दूध थांबतं. माझा नियम असा की जिथे ब्रश पोचत नाही आणि नजरही जात नाही, ते भांडं दुधाला नको. बारीक ब्रश चोचीतून आरपार जात असेल तर रोज उकळून वापरा. चांदी चमकवायची पावडर मात्र आतून लावू नका. घरात तांब्या-पितळेची पातेली असतील तर ती या कामापासून पूर्ण लांब ठेवा. लहान मुलांच्या यकृताचा एक जीवघेणा आजार आपल्याकडे होता. १९८० च्या दशकात पुण्याच्या डॉक्टरांच्या कामातून पुढे आलं की बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलेलं, साठवलेलं दूध बाळांना पाजल्याने तांबं पोटात जातं आणि यकृतात साचतं. घरोघरी स्टील आलं आणि तो आजार जवळपास दिसेनासा झाला.

बाटलीपेक्षा मी तुम्हाला स्टीलची वाटी आणि गोल काठाचा चमचाच सांगेन. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही तेच सांगतात, आणि बाटल्यांच्या नि पावडरच्या दुधाच्या जाहिरातींवर तर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. वाटीला खाच नाही, भोक नाही, आट्या नाहीत. बाळाला मांडीवर बसतं धरायचं, चमचा खालच्या ओठाला टेकवायचा आणि तिला चाटू द्यायचं. घशात ओतायचं नाही. सुरुवातीला अर्धं दूध लाळेऱ्यावर जातं. म्हणून आजच सुरू करा, आणि पाजू द्या सासूबाईंना, तुमच्याकडून बाळ चमचा घेणार नाही.

दूध ६० मिलीच्या लहान डब्यांत, तारीख-वेळ लिहून साठवा. चार महिन्यांचं बाळ एका वेळी साधारण ९० ते १२० मिली घेतं, त्यामुळे एक डबा संपला की दुसरा काढता येतो. बाहेर चार तास टिकतं असं जे सांगतात ते २५ अंशांच्या खोलीपुरतं. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये दुपारचं स्वयंपाकघर काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. काढल्याबरोबर फ्रीजमध्ये टाका, दाराच्या कप्प्यात नको, आत मागे. तिथे चार दिवस चालतं. ऑफिसातून आणताना बर्फाच्या पॅकची पिशवी वापरा. देताना डबा कोमट पाण्यात ठेवायचा, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवायचं नाही. बाळाने तोंड लावलेलं दोन तासांनी टाकून द्यायचं. हे सासूबाईंच्या जिवावर येईल, लक्षात ठेवा. म्हणूनही डबे लहान असू द्या.

त्या तुम्हाला एक गोष्ट नक्की विचारतील: ‘पोरगी चादर चोखते, खुळखुळा चोखते, मग वाटीच कशाला उकळायची?’ प्रश्न रास्त आहे. खुळखुळा खरंच उकळायची गरज नाही, धुतला की झालं. पण खुळखुळ्यावर उबेला पडलेलं दूध नसतं. वाटीच्या काठाला राहिलेल्या थेंबात एका जंतूचे चार तासांत किती होतात, ते विरजण लावणाऱ्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी चार पोरं वाढवली ती बहुतेक अंगावरच्या दुधावर आणि उघड्या भांड्यांत, जी घासून उन्हात पालथी घातली जायची. त्यांच्या पद्धतीत व्हॉल्व्ह कुठे होता?

तेव्हा नणंदेचे व्हिडिओ त्यांना पाठवू नका. उजेडात वाटी धरून थेंब दाखवा, तेवढं पुरे. कामंही वाटून घ्या: दिवसभराचं विसळणं-घासणं त्यांच्याकडे, रात्री जेवणं झाल्यावरचं पातेलं मिस्टरांकडे. अंशांची चौकशी त्यांनीच केली आहे ना.

मशीन येणार असेल तर येऊ द्या. वाफेचं मशीन पातेल्याहून जास्त काही साधत नाही, पण आपोआप बंद होतं, आणि विसरणाऱ्या घरात ते मोलाचं आहे. त्याच्या तळाशीही क्षार धरतो, पत्रकात दिल्याप्रमाणे तो काढत जा. व्होल्टेज तिथलं आणि आपलं सारखंच, २३०. प्लग मात्र ब्रिटनचा, चौकोनी पिनांचा येईल, तेव्हा चांगल्यातला अडॅप्टर आधीच आणून ठेवा.