निवेदन म्हणजे हरकत नव्हे

प्रश्न : आमच्या वसाहतीसमोरच्या जागेवर विकास आराखड्यात खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे. ते निम्मं करून उरलेली जागा निवासी विभागात घेण्याची महापालिकेची सूचना पेपरात आली होती. दीड महिन्याने आम्ही १८० रहिवाशांच्या सह्यांचं निवेदन आमदारांना दिलं. आता कळतंय की सुनावणी होऊनही गेली आणि आम्हाला बोलावलंच नाही. दिवाणी न्यायालयातून स्थगिती मिळेल का? – एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : पत्रासोबत तुम्ही निवेदन देतानाचा फोटो जोडलाय. सूचनेची प्रत मात्र जोडलेली नाही. असं पत्र मला महिन्याला एक तरी येतं आणि दरवेळी फोटो असतो, सूचना नसते.

मैदान का हवं, यावर तुम्ही दोन पानं लिहिली आहेत. त्यावर मी काही बोलत नाही. तुमचं घोडं अडलंय ते एका महिन्यापाशी.

मंजूर आराखड्यात फेरबदल होतो तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली. राजपत्रात सूचना निघते आणि तिच्या तारखेपासून एका महिन्यात कोणालाही हरकत घेता येते. ‘कोणालाही’ हा शब्द कायद्यातलाच आहे. त्यासाठी सातबाऱ्यावर नाव लागत नाही, सोसायटीचा ठरावही लागत नाही. साध्या कागदावर चार ओळी लिहायच्या, सूचनेत नमूद केलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायच्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायचा. एवढं एका माणसाने केलं असतं तर सुनावणीला का बोलावलं नाही, हे आज ठणकावून विचारता आलं असतं. आमदारांना दिलेलं निवेदन ही हरकत नव्हे. ग्रुपवरचे अंगठे तर नव्हेतच. शिवाय निवेदन द्यायला दीड महिना लावलात. एकशे ऐंशी सह्या गोळा करायला वेळ लागतो हे मान्य, पण कायद्याला एकच सही पुरत होती.

तेव्हा पहिलं काम म्हणजे सोसायटीत, शेजारच्या चाळीत, मैदानावर नवरात्र बसवणाऱ्या मंडळात विचारा : मुदतीत कोणी हरकत दिली होती का? बहुतेक वसाहतींत एखादे निवृत्त काका असतात, जे कुणाला न सांगता अर्ज करून येतात आणि शिक्क्याची प्रत फायलीत लावून ठेवतात. ते सापडले तर अर्जदार म्हणून त्यांचं नाव पहिलं. तुमचं दुसरं चालेल.

कोणीच सापडलं नाही तरी सगळं संपलं असं नाही, पण तिथून पुढे मी हातचं राखून बोलतो. कलम ३७ खाली बाधित व्यक्तींना वेगळी नोटीस द्यावी लागते. जमीनमालक बाधित आहे, यात वाद नाही. समोरचे रहिवासी बाधित का, हे पटवून द्यावं लागेल. बंगळूरमधल्या बागेची जागा खासगी रुग्णालयाला दिल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रहिवाशांचा दाद मागण्याचा हक्क मान्य केला होता. त्याचा आधार घेता येईल, पण तो कायदा कर्नाटकाचा होता हे समोरचा वकील सांगणारच. दुसरा मुद्दा मला जास्त दमदार वाटतो. आराखड्याचं मूळ स्वरूप बदलणार नाही, एवढाच फेरबदल कलम ३७ मध्ये बसतो. एका मैदानाचं निम्मं आरक्षण गेल्याने अख्ख्या शहराच्या आराखड्याचं स्वरूप बदलतं का? सोपं उत्तर नाही. आसपास दुसरं मैदान किती अंतरावर आहे, यावर बरंच ठरेल.

दिवाणी न्यायालयाचा सल्ला तुम्हाला कोणी दिला ते विचारत नाही. याच अधिनियमाचं कलम १४९ वाचलं असतं तर दिला नसता. अशा आदेशांना दाव्यातून आव्हान देण्याला त्या कलमाचा अडसर आहे. तुमचा रस्ता उच्च न्यायालयात रिट याचिकेचा, आणि तिथे पहिला प्रश्न येईल ‘इतके दिवस काय करत होता?’ उच्च न्यायालयात तुमचं प्रकरण बोर्डावर यायला किती महिने लागतील ते सोडा. तुमच्या उशिराचा हिशेब मात्र दिवसांत मागितला जातो.

याचिकेआधी एक गोष्ट याच आठवड्यात पाहा. महापालिका फेरबदल फक्त सुचवते, मंजुरी राज्य सरकार देतं. त्यामुळे अंतिम अधिसूचना निघाली आहे का, यावर तुमची बाजू उभी राहील किंवा पडेल. निघाली नसेल तर फाइल अजून नगरविकास विभागात आहे. मंत्रालयात लेखी म्हणणं द्या आणि त्याची प्रत बेलापूरला कोकण भवनातल्या नगररचना सहसंचालकांना द्या. मुदतीनंतरचं म्हणणं विचारात घ्यायला ते बांधील नाहीत. तरी ते फायलीत लागतं, आणि सरकारने न वाचता मंजुरी दिली हे पुढे दाखवता येतं.

माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा : राजपत्रातली सूचना, सुनावणीचा अहवाल, आणि जमीनमालकाने कलम १२७ खाली खरेदी सूचना (म्हणजे ‘आरक्षित जागा ताब्यात घ्या’ अशी महापालिकेला नोटीस) दिली आहे का, दिली असल्यास तिची तारीख. तिसरी विसरू नका. ठाण्याचा आराखडा १९९९ साली मंजूर झाला, त्या वेळी मंजुरीतून वगळलेला भाग २००३ साली. त्यातलं आरक्षण असेल तर अशी सूचना देण्याआधी मालकाला थांबावी लागणारी दहा वर्षं कधीच उलटून गेलीत. अशी सूचना दिल्यावर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. मग फेरबदल थांबवूनही मैदान हातात राहील याची खात्री नाही. माहिती अधिकाराच्या उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, म्हणून मंत्रालयातला अर्ज त्यासाठी अडवून ठेवू नका.

भेटायला याल तेव्हा राजपत्राची प्रत आणा. काका सापडले तर त्यांनाही आणा, शिक्क्याच्या मूळ प्रतीसकट.