नकार ऐकून घेताना

या वेळच्या पत्रांतलं दुखणं एकच आहे: आपला ख्रिस्ती विश्वास समोरच्याने नाकारला, आता काय करायचं?

प्रश्न : दर नाताळात शेजारच्या काकूंना फराळ देते. यंदा ताटावर शुभवर्तमानाची पुस्तिका ठेवली. ताट तसंच परत आलं, एकाही करंजीला हात लावला नव्हता. (मोहननगर)

ताई, वाईट वाटणारच. पण इतकी वर्षं ती करंजी शेजारधर्माची होती. यंदा तिच्यामागे काही हेतू आहे असं काकूंना वाटलं असेल. जाऊन माफी मागा. विश्वासाबद्दल नव्हे, न विचारता पुस्तिका दिल्याबद्दल. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, तेही सौम्यतेने व आदराने, असं सांगितलंय. त्यातला 'विचारणाऱ्याला' हा शब्द आपण नेहमी गाळून वाचतो.

प्रश्न : मुलगा इंजिनिअरिंगला आहे. म्हणतो, मी देव मानत नाही. हे म्हणतात, या घरात राहायचं तर रविवारी उपासनेला यायचंच. (सदर)

हे पत्र मी तीनदा वाचलं. माझ्या थोरल्यानेही एकोणिसाव्या वर्षी हेच सांगितलं होतं. मी पाळक, त्यामुळे लोक काय म्हणतील हीच धास्ती जास्त. दोन वर्षं रोज रात्री ताटावर वाद घातला. शेवटी तो आम्ही जेवून उठल्यावर घरी यायला लागला. त्याची झाकून ठेवलेली गार भाजी बघून मला माझी चूक कळली.

मार्काच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायातला श्रीमंत माणूस आठवा. येशूने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्यावर प्रीती केली, आणि तो खिन्न होऊन निघाला तेव्हा जाऊ दिलं. 'सगळं विकून गरिबांना दे' ही अट सैल केली नाही, हातही धरला नाही.

आपल्या विदर्भाशी जोडलेली एक गोष्ट सांगतो. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात कवी ना. वा. टिळकांना नवा करार मिळाला. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर घावच होता. पुढे त्या टिळकांकडे राहायला आल्या, तरी सोवळं पाळतच होत्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने. मुलगा असाच परतेल, अशी हमी मी देणार नाही. पण तुमच्या यजमानांना सांगा, रविवारी त्याला झोपू द्या आणि दुपारी त्याच्यासोबत जेवा. प्रार्थना त्याच्यासाठी करा, त्याला ऐकवण्यासाठी नको.

प्रश्न : ऑफिसात एक जण सगळ्यांसमोर म्हणतो, "तुझा आजा गव्हाच्या पोत्यासाठी बाटला." (मानेवाडा)

भाऊ, त्याच्या देवांवर बोलून उट्टं काढू नका. त्याला एकट्याला चहाला न्या आणि आजोबांची खरी हकीकत सांगा. भूक होती तर तीही सांगा, त्यात लाज कसली? तो तरीही थांबला नाही तर वरिष्ठांकडे लेखी तक्रार द्या. सहन करणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. मात्र तुम्हाला विश्वास धरण्याची जी मोकळीक संविधानाचं २५ वं कलम देतं, तीच त्याला तो नाकारण्याचीही देतं.

प्रश्न : मग न स्वीकारणाऱ्या गावाबद्दल येशूने शिष्यांना सांगितलेल्या 'पायांची धूळ झटकून टाका' याचा अर्थ काय? (जरीपटका)

निघा, एवढाच. त्या गावाच्या न्यायाची गोष्ट मत्तयाच्या शुभवर्तमानात लगेच पुढच्या ओळीत येते, पण ते काम देवाचं. शोमरोनी गावाने येशूला उतरू दिलं नाही तेव्हा त्याचे शिष्य याकोब आणि योहान आकाशातून अग्नी मागवायला निघाले होते. लूक लिहितो, येशूने त्या शिष्यांनाच धमकावलं, आणि ते दुसऱ्या गावी गेले.