रुंद टायर घेताय? आधी खेळायची माती आणा

प्रश्न : सर, माझी १९७२ ची एमजीबी जीटी आहे, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. मूळच्या १४ बाय ५ च्या (इंचात, व्यास आणि रुंदी) रोस्टाइल म्हणजे पोलादी रिम आणि १६५ आर १४ टायर. मागून बघितलं की एवढी देखणी गाडी सायकलच्या चाकांवर उभी केल्यासारखी वाटते हो. मित्राकडे १५ बाय ७ ची अलॉय पडून आहेत, बोल्ट जुळतात म्हणतो, त्यावर २०५/५० टाकायचा विचार आहे. टाकू ना?

उत्तर : नका टाकू. बोल्ट जुळले म्हणजे चाक हबवर बसलं, एवढंच. ते मडगार्डखाली फिरेल का ते अजून कुठं कळलंय? अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात ना, इथं अंथरूण म्हणजे मडगार्ड.

आधी उंची बघू, कारण रुंदीच्या नादात तिकडे कुणी बघतच नाही. टायरवरचा पहिला आकडा मिमीत रुंदी, दुसरा प्रोफाइल, म्हणजे भिंत रुंदीच्या किती टक्के उंच, आणि आर नंतरचा रिमचा व्यास इंचात. तुमच्या १६५ आर १४ वर प्रोफाइलचा आकडा छापलेला नसतो, तो साधारण ८० धरायचा. म्हणजे टायरची भिंत १३२ मिमी आणि अख्ख्या चाकाची उंची साधारण ६२० मिमी. २०५/५० आर १५ ची उंची होते ५८६. रिम एक इंचाने मोठी झाली आणि चाक उलट ३४ मिमीने लहान झालं! गाडी १७ मिमी खाली बसणार, एग्झॉस्ट आधीच जमिनीला टेकायला बघत असतो त्यात ही भर. शिवाय चाक लहान म्हणजे तेवढ्याच स्पीडला इंजिन जवळजवळ सहा टक्के जास्त फिरणार, तुमच्या गाडीला ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) नसेल तर हायवेवर कान किटतील. स्पीडोमीटर १०६ दाखवेल तेव्हा गाडी जेमतेम १०० ला असेल.

आता रुंदी. पाचची रिम सातची केली की ५१ मिमी वाढले, ऑफसेट तोच ठेवला तर २५ आत आणि २५ बाहेर. ऑफसेट म्हणजे रिमच्या बरोबर मधल्या रेषेपासून हबला टेकणारी जागा किती मिमी सरकलेली आहे तो आकडा, बहुतेक अलॉयवर ईटी लिहून पुढे कोरलेला असतो. तो वाढला की चाक आत जातं, कमी झाला की बाहेर येतं. मित्राच्या रिमवर काय कोरलंय ते बघितलंत का? नसेल बघितलं तर बाकीचं सगळं बोलणं हवेतच. फार बाहेर आलं की मागे मडगार्डची कड लागते, पुढे स्टिअरिंग जड होतं, प्रत्येक खड्डा हातात येतो आणि बेअरिंगवर नको तिथून लोड पडतो. ही पॉवर स्टिअरिंगची गाडी नाही, पार्किंग करताना खांदे आठवण करून देतील.

आणि मागचा अ‍ॅक्सल पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर आहे हे विसरू नका. तो नुसता वरखाली होत नाही, वळणावर पाट्यांच्या रबरी बुशवर आडवाही सरकतो. म्हणून गाडी उभी असताना बोट घालून मोजलेली फट खरी नसते. त्यात जुन्या गाडीत डाव्या-उजव्या बाजूची फट सारखी असेल याची खात्री नाही, दोन्हीकडे मोजा. माझंच सांगतो. एका जुन्या गाडीला मी हौसेनं रुंद टायर घातले, एकट्याने चालवली, मस्त. मग मागे दोघं बसले आणि पहिल्याच वळणावर खर्र आवाज. उतरून बघतो तर टायरवर उठावाने लिहिलेल्या नावातली दोन अक्षरं सफाचट, आणि मडगार्डच्या आतल्या कडेवर काळी रबराची पावडर.

त्यानंतर मी मुलांची खेळायची माती वापरतो, दुकानात प्लॅस्टिसिन म्हणून मिळते ती. कुणाची तरी तशा मापाची चाकं एक दिवसासाठी आणा, मडगार्डच्या कडेला आणि आतल्या पत्र्याला मातीचे बोटभर गोळे चिकटवा, मागे दोन माणसं आणि टाकी फुल करून हळूहळू वळणं आणि स्पीड ब्रेकर घ्या. पुढे स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून बघा. गोळा जिथं जेवढा चेपला तेवढीच तुमची जागा, बाकी लोक काय सांगतात ते राहू द्या.

माझं मत विचाराल तर १८५/७० आर १४ घ्या. उंची ६१५, म्हणजे मूळच्या टायरपेक्षा फक्त ५ मिमीचा फरक, आणि तो तुमच्या ५ इंची रिमवरही चालतो, साडेपाचची मिळाली तर अजून छान बसेल. १५ चाच हट्ट असेल तर साडेपाच इंची रिमवर १८५/६५ आर १५, उंची ६२१. अलॉय घेतली तर नटही त्या रिमचेच घ्या, जुने नट त्याच आट्यांचे असले तरी त्यांची बैठक वेगळी असू शकते. आणि स्टेपनी डिकीत मावते का ते पैसे द्यायच्या आधी बघा!

एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो की टायर रुंद म्हणजे रस्त्याला लागणारं रबर तेवढं जास्त. तसं फारसं होत नाही. गाडीचं वजन आणि टायरमधली हवा तीच ठेवली तर टेकणारा ठसा क्षेत्रफळाने जवळपास तेवढाच राहतो, फक्त लांबट होता तो आडवा होतो. वळणावर फायदा मिळतो, पण हलकी गाडी पाण्यावर तरंगायला लागते तीही याच आडव्या ठशामुळे. पोर्शनं १९७३ च्या कॅरेरा आरएसला मागे ७ इंची रिम आणि २१५ टायर दिले, पण त्यासाठी मागची मडगार्डं फुगवली. कंपनीलासुद्धा पत्रा हलवावा लागला, फुकटात काही झालं नाही.

प्रश्न : माझ्या एमजीबीला तारेची चाकं आहेत, साठ स्पोकची, साडेचार इंची. १९५/६० बसतील का? आणि टायरवाला म्हणतो ट्यूबलेस टायर आहे, ट्यूब कशाला?

उत्तर : १९५/६० ला कमीत कमी साडेपाचची रिम लागते, साडेचारवर टायरचे ओठ (रिमला टेकणाऱ्या कडा) आत ओढले जाऊन तो मध्ये फुगतो आणि वळणावर डुलतो. १८५/७० ही तुमची हद्द समजा. ट्यूब मात्र लागणारच, कारण स्पोक रिममध्ये जिथं शिरतात तिथून हवा गळते. सील केलेली रिम असेल तर गोष्ट वेगळी. काही टायरच्या आतून खरबरीत रेषा असतात, त्या ट्यूबला घासून घासून भोक पाडतात, तेव्हा टायरमध्ये हात घालून बघा आणि मगच घ्या. आणि रुंदीसाठी साध्या चाकाच्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल घालायला जाऊ नका, तो तुमच्यापेक्षा लांब असतो, चाक आपोआप बाहेर येईल.

प्रश्न : जुनी गाडी घेतली, टायर रुंद आहेत आणि नक्षी नव्यासारखी आहे. ठेवू का?

उत्तर : टायरच्या भिंतीवर डीओटी शब्दानंतर शेवटचे चार आकडे वाचा. २३०९ असेल तर २००९ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर २००० च्या आधीचा. अशा गाड्या वर्षातून चार वेळा निघतात, त्यामुळे नक्षी झिजायच्या आत रबर दगड होतं. नखानं दाबून बघा, मग गाडी रस्त्यावर काढायची की नाही ते ठरवा.