ग्रीक सॅलडला पाणी का सुटतं?

प्रश्न : ग्रीक सॅलड केलं की अर्ध्या तासात भांड्यात पाण्याचं तळं होतं. कोशिंबिरीसारखं सगळं बारीक चिरून, मीठ-लिंबू-तेल लावून फ्रिजमध्ये ठेवते. काय चुकतं? (नाशिक)

उत्तर : बारीक चिरणं आणि आधी मीठ लावणं, दोन्ही. फोड जितकी लहान तितका कापलेला भाग जास्त, आणि मीठ त्याच भागातून पाणी ओढतं. ग्रीसमध्ये या सॅलडला ‘होरियाटिकी’, म्हणजे गावाकडचं, म्हणतात. त्याच्या फोडी मोठ्याच असतात आणि लेट्यूसचं पान त्यात नसतं.

चौघांसाठी अर्धा किलो पिकलेले पण घट्ट टोमॅटो घ्या. लहान टोमॅटोच्या चार, मोठ्याच्या सहा-आठ फोडी करा. एका मोठ्या काकडीचं टोक चाखून बघा. कडू नसेल तर अर्ध्या इंचाच्या जाड चकत्या करा. बिया जून असतील तर चमच्याने काढून टाका. एका हिरव्या ढोबळी मिरचीच्या चकत्या घ्या. अर्धा कांदा पातळ कापून दहा मिनिटं गार पाण्यात ठेवा, म्हणजे उग्रपणा जातो. मग कोरडा करून घ्या. वर १६-२० कलामाता ऑलिव्ह घाला आणि २०० ग्रॅम फेटा चीजचा अख्खा तुकडा ठेवा. फेटा आधीच चुरून कालवला तर रस पांढुरका होतो आणि प्रत्येक फोडीला एकच चव येते. शेवटी चिमूटभर मीठ फक्त टोमॅटोवर टाका, एक चमचा वाळलेला ओरेगानो चुरडून घाला आणि चार मोठे चमचे एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल ओता. गावरान टोमॅटो आंबट असेल तर व्हिनेगर लागतच नाही.

फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने टोमॅटोचा वास मरतो. लगेच वाढा. तरीही तळाशी थोडा रस राहीलच. तो ओतून देऊ नका. ग्रीक लोक पाव बुडवून तो पुसून खातात, आणि खरी चव तिथेच असते.

प्रश्न : फेटाऐवजी पनीर चालेल का? (सोलापूर)

उत्तर : चालेल, पण नुसतं नाही. फेटा मेंढीच्या दुधाचा (शेळीचं दूध जास्तीत जास्त ३० टक्के) आणि मिठाच्या पाण्यात मुरलेला असतो, पनीर अळणी. अर्धा लिटर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ आणि एका लिंबाचा रस घालून त्यात २०० ग्रॅम पनीर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. आंबट-खारटपणा येईल, भुसभुशीतपणा येणार नाही. शाकाहारी असाल तर विकतच्या फेटाच्या पाकिटावर हिरवा ठिपका जरूर पाहा. दूध विरजायला वापरलेलं रेनेट प्राणिजन्य असू शकतं.

प्रश्न : ऑलिव्ह हृदयाला चांगले म्हणतात, पण मला रक्तदाब आहे. रोज खाऊ का? हिरवे बरे की काळे? (ठाणे)

उत्तर : ऑलिव्हमधली चरबी मुख्यतः ओलिक आम्लाची, एकअसंतृप्त असते. लोणी-तुपाच्या जागी ती आली तर वाईट कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते. नेहमीच्या तेलातुपावर वरून घातली तर फक्त उष्मांक वाढतात. शिवाय हायड्रॉक्सिटायरोसोलसारखी पॉलिफेनॉल्स असतात. ती रक्तातल्या चरबीचं ऑक्सिडीकरण रोखायला मदत करतात.

अडचण मिठाची आहे. झाडावरचं ऑलिव्ह इतकं कडू असतं की खाता येत नाही. तो कडूपणा काढायला ते मिठाच्या पाण्यात मुरवतात. हिरव्या ऑलिव्हच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १५०० मिलिग्रॅम सोडियम असतं. डब्यातल्या काळ्यांत त्याच्या निम्मं. सात हिरवी ऑलिव्ह म्हणजे जवळपास एक ग्रॅम मीठ, आणि दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमच्या आतली. ५० ग्रॅम फेटा आणखी सव्वा ग्रॅमच्या आसपास देतो, तेही मोजा. लेबलवरचं सोडियम अडीचने गुणलं की मीठ कळतं.

हिरवं आणि काळं एकाच झाडाचं फळ, फरक पिकण्याचा. मात्र डब्यातलं एकसारखं काळंभोर ऑलिव्ह बहुधा कच्चंच तोडून, क्षार आणि हवा देऊन काळं केलेलं असतं. त्या प्रक्रियेत पॉलिफेनॉल्स बरीच धुऊन जातात. म्हणून मिठाच्या पाण्यात नैसर्गिक मुरलेली जांभळट कलामाता घ्या, तासभर साध्या पाण्यात भिजवा, मधे एकदा पाणी बदला आणि पाच-सहावर थांबा. त्या दिवशी ताटात लोणचं-पापड नको. मीठ अगदी बंद सांगितलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.