विकतचा गेम रडवतो, मित्राचा क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेला फुकटचा गेम, निवांत चालतो; मग फुकट घेतला तर चुकलं कुठे?

तुमचा राग कळतो. मागच्या मे महिन्यात मी चोपड्याजवळच्या आमच्या गावी होतो. बाराशे रुपये मोजून घेतलेला गेम, तोही एकट्याने खेळायचा. दुपारी लाइट गेली, पाठोपाठ मोबाइलची रेंज गेली, आणि गेम म्हणतो आधी नेट जोडा. शेजारी मावसभाऊ पेनड्राइव्हवरून आणलेला तोच गेम खेळतोय. वर मलाच विचारतो, "काय भो, पैसे कशाचे दिले मग?"

उत्तर सुचलं नाही. आता सुचतंय.

शाळेत असताना जळगावात मीही पन्नास रुपयांत राइट केलेल्या सीड्या आणल्यात. अस्सल डबा आमच्या दुकानांत दिसायचा नाही, घरात क्रेडिट कार्ड नव्हतं. तेव्हा ते चूक नव्हतं असं नाही, पण दुसरी वाट नव्हती. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात २०१५पासून रुपयांत किमती आहेत, सेलमध्ये तर गेम वडापावच्या हिशेबात मिळतात. ती सबब आता संपली.

२०१३ सालची 'गेम डेव्ह टायकून' नावाच्या गेमची गोष्ट घ्या. करणारे दोघे भाऊ. त्यांनी स्वतःच एक बिघडवलेली आवृत्ती क्रॅक म्हणून टोरेंटवर, म्हणजे लोक एकमेकांना फाइली वाटतात तिथे, सोडली. तीत तुम्ही गेम कंपनी चालवायची, आणि काही वेळाने पायरसीमुळे तिचं दिवाळं निघायचं. पहिल्या दिवशी विकत घेणारे निघाले २१४, फुकटे तीन हजारांच्या वर. गंमत पुढेच आहे. त्यातलेच काही फुकटे तक्रार करायला लागले की चोरांनी आमची कंपनी बुडवली, यावर काही उपाय आहे का!

म्हणून मोठ्या कंपन्या कुंपण घालतात. डेनुवो नावाचं कॉपी रोखणारं कुलूप त्यातलंच, २०१४च्या 'फिफा १५'पासूनचं. पण शेताला तार लावली तरी रानडुकरं खालून घुसतात, आणि ओरखडे मात्र रोज बांधावरून ये-जा करणाऱ्या मालकाला. बरेच गेम फुटलेच. कधी तर कुंपणच शेत खातं: युबिसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ला आपल्या 'द क्रू' या गेमचे सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजलेल्यांनाही तो उघडेना. तिथे चोर आडवा आलाच नव्हता. हा हिशेब कंपनीकडेच मागायला हवा, मावसभावाकडे नाही.

पण त्याचंही खरं नाही. खान्देशात बिनबिलाचं कपाशीचं बियाणं घेऊन पस्तावलेले कमी नाहीत. उगवलं नाही तर दाद कुणाकडे मागणार? क्रॅक लावताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, हे तसंच. त्याचा चालला, नशीब.

विकत घेतलेल्या गेमला नेटविना चालावा म्हणून कुणी क्रॅक लावला, तर मी त्याला चोर म्हणणार नाही. कायदा काय म्हणेल ते वेगळं. पैसे न देता घेणारा मात्र माझ्या बाजूचा नाही, कारण त्याच्या नावाने लावलेली तार मलाच लागते.

मी आता एवढंच करतो. स्टीमवर घेण्याआधी गेमच्या पानावर उजवीकडे डीआरएमची, म्हणजे अशा कुलपाची, सूचना आहे का बघतो. जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात मिळत असेल तर तिथून घेतो, तिथला गेम उतरवून ठेवला की गावीही चालतो. आणि स्टीमवर घेतलेला पटला नाही, तर १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असला की परत करतो. बाराशेच्या त्या गेमला ही मुदत उलटून गेली होती.